पाटी बाहेर होती

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तेव्हा आत आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना दमा आणि त्यांचा पंप घरी टेबलावर. मोबाईलला रेंज नाही. लाल बटण दाबल्यावर स्पीकरवरून लिफ्ट कंपनीची बाई बोलली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"लिफ्टचा नंबर सांगा."

"तो कुठे असतो?"

"पाटीवर. खाली, दाराबाहेर."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, आम्ही आत आहोत!"

"मग इमारतीचं नाव सांगा. पण त्याने वेळ लागतो हं." मी नाव सांगितलं. "स्क्रीनवर चक्र फिरतंय अजून... बंद पडलं. परत टाकते."

नवरा मान खाली घालून उभा. तेव्हा मला आठवलं, त्या कंपनीचा डेटाबेस यानेच बांधलाय.

"एवढा वेळ का लागतो रे?" मी दातओठ खात विचारलं.

"नंबरांचा इंडेक्स केलाय. पुस्तकाची सूची बघून नेमकं पान उघडतो ना, तसा नंबर झटकन सापडतो. नावांचा नाहीये. मग पहिल्या पानापासून सगळं वाचावं लागतं. लाखो नोंदी आहेत गं."

"मग नावांचा का नाही केला?"

"नवी नोंद आली की प्रत्येक इंडेक्स बदलावा लागतो, काम मंदावतं. म्हणून मोजकेच केले. ऑफिसातले नंबरानेच शोधतात. आत अडकलेला माणूस काय सांगेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"शहाणेच आहात सगळे!"

सासरे खाली बसले होते. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती. मी पुरती घाबरले.

"मोजके म्हणजे कुठले?" त्यांनीच धापा टाकत विचारलं.

नवऱ्याने मान वर केली. "नंबर... आणि फोन! बिल ज्याला जातं त्याचा, म्हणजे आपल्या इमारतीच्या मॅनेजरचा!"

मॅनेजरचा फोन नंबर मला तोंडपाठ. पाण्यावरून रोज भांडते त्याच्याशी. मी घडाघडा म्हणून दाखवला.

"सापडलं," बाई तत्क्षणी म्हणाली. "माणूस जवळच आहे, पाठवते."

दार उघडेपर्यंत नवरा सासऱ्यांची पाठ चोळत होता. बाहेर पडताच मी धावत जाऊन पंप आणला. सासरे जिन्यात बसून तो ओढत राहिले, नवरा अजून पाठ चोळतच होता. रंग परतल्यावर त्यांनी लेकाकडे पाहिलं.

"बाकीच्या लिफ्टच्या पाट्या कुठे आहेत?"

"बाहेरच, बाबा."

"मग माझी पाठ काय चोळतोस? ऑफिसात जा. नावांचा इंडेक्स कर."

तो जिन्यानेच गेला.