पीसीवरचा लोड

तू आधी ऐक फक्त. मध्ये बोलू नकोस, मध्ये कुणी बोललं की माझी गाडी घसरते आणि मी परत पहिल्यापासून सुरू करते, तुला माहितीये.

तर माझा पीसी. गेम त्याच्यावर लोण्यासारखा चालायचा, कधी तक्रार नाही. पण आमच्या कप्तानाच्या डोक्यात आलं की टीमचे सामने लोकांना लाइव्ह दाखवायचे. त्याच्या घरचं नेट म्हणजे गोगलगाय, बाकीच्यांकडे जुने लॅपटॉप, म्हणजे उरले कोण, तर मी. मी खेळायचं आणि स्ट्रीमही मीच करायचं. टीममध्ये मला उशी म्हणतात, कारण माझे बाबा गाद्या-उशा बनवतात आणि माझ्या कॅमेऱ्यात मागे कायम कापसाचं काहीतरी दिसतं. आमचं घर म्हणजेच कारखाना गं. पुढच्या खोलीत बाबा कापूस भरतात, आई शिलाईवर, आणि तयार माल जिथे जागा मिळेल तिथे. आमच्याकडे पाहुणा आला तर आधी दोन गाद्या हलवाव्या लागतात, मग खुर्ची सापडते.

तर पहिल्याच दिवशी मी स्ट्रीम सुरू केलं आणि थोडा वेळ मस्त गेला. मग चित्र अडकायला लागलं. मी उजवीकडे वळायचे आणि स्क्रीन मी गेममध्ये मेल्यावर मग वळायची. बघणारे लिहायला लागले, ही खेळतेय की फोटो दाखवतेय. स्ट्रीम बंद केलं की पीसी एकदम साधूसारखा शांत. परत चालू केलं की परत घरघर, परत तेच.

कप्तानाने निदान केलं की लोड येतोय. खेळायचा एक लोड, दाखवायचा दुसरा, दोन्ही एकदम पेलत नाहीत. मी ग्राफिक्स कमी केले, इतके कमी केले की गेममधली झाडं पोत्यांसारखी दिसायला लागली. तरी तेच. मग पीसी उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तिथे काय झालं असेल सांग. तिथे गेम आणि स्ट्रीम दोन्ही लावून ठेवलं आणि पठ्ठ्या इतका गुणी बाळासारखा चालला की मला लाज वाटली. दुरुस्तीवाला म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, तुमच्या घरीच काहीतरी लोड जास्त असेल. मी मान हलवली आणि पीसी परत घरी आणून टेबलाखाली होता तिथे सरकवला.

त्या दिवशी जेवताना मी तोंड पाडून बसले होते. बाबांनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं पीसीवर लोड येतोय, म्हणून तापतोय. बाबांचा घास हातातच राहिला. आईकडे बघितलं त्यांनी. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मग लोड कुठे ठेवायचा म्हणतेस?"

मला इतकं बरं वाटलं, म्हटलं बाबा माझ्या कामात लक्ष घालतायत. मी त्यांना नीट समजावलं, की सगळा लोड एकाच जागी नको, थोडा प्रोसेसरवर, थोडा कार्डवर ठेवायचा असतो. बाबा विचारात पडले. म्हणाले, ही ऑर्डर जाऊ दे, मग तू म्हणशील तिथे ठेवू. मला कळलंच नाही ऑर्डरचा काय संबंध. मी आमटी प्यायले आणि विसरले.

आता खरी गोष्ट. स्पर्धेचा सामना होता, हरलो तर घरी. आणि त्याच्या आदल्या दिवशी कप्तानाने मला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी स्ट्रीम अडकलं, तर पुढच्या फेरीपासून माझ्या जागी त्याची मावसबहीण खेळेल. तिच्याकडे नवाकोरा पीसी आहे, लाल-निळे दिवे लागतात त्याला. खेळते कशी विचारू नकोस, ती स्वतःच्याच माणसांवर बॉम्ब टाकते. पण पीसी नवा. मला इतकं लागलं गं. म्हणजे माझा नेम, माझा सराव, सगळं गेलं बाजूला, आणि माझी जागा ठरवणार कोण, तर पीसीतला एक पंखा.

दुपारी सामना सुरू झाला. मी हेडफोन लावले, बाबांना सांगितलं आत येऊ नका, दार लोटून घेतलं. पहिला राउंड आम्ही जिंकलो. दुसरा हरलो. शेवटच्या राउंडला पीसीने घरघर सुरू केली, आधी मांजरासारखी, मग पीठगिरणीसारखी. तापमानाचा आकडा लाल झाला. चित्र अडकायला लागलं. कप्तान कानात सारखा तेच, उशी लोड काढ, उशी लोड काढ. मी ब्राउझर बंद केला, गाणी बंद केली, जे दिसेल ते बंद केलं. आणि शेवटी मला आवरेना, मी जोरात ओरडले, "सगळा लोड काढला, अजून कुठून काढू? आता लोड निघाला नाही तर मी गेले टीममधून!"

दार उघडलं ते मला ऐकूच आलं नाही. पायाला काहीतरी मऊ लागलं, मला वाटलं मांजर आलं, मी पायानेच ढकललं. परत मऊ लागलं. मी परत ढकललं. ते मांजर "अगं हळू" म्हणाल्यासारखं वाटलं, पण समोर दोन शत्रू जिन्यावरून येत होते, मी कुठे बघणार. आणि मग बघता बघता घरघर उतरली. आकडा उतरला. चित्र असं सरकायला लागलं, जसं कुणी काचेवरून तेल सोडलंय. जिन्यावरचे दोघे मी टिपले, तिसरा खिडकीत होता तो कप्तानाने, आणि जिंकलो. अगं जिंकलो आम्ही.

मी आनंदाने खुर्ची मागे ढकलली, तर ती कशाला तरी अडली. वळून बघते तर बाबा. गुडघ्यावर, टेबलाखालून अर्धे बाहेर, भुवयांवर कापूस, आणि बगलेत लोड. खराखुरा. पाठीला टेकायचा, गोल, लांब, नव्याकोऱ्या कापडाचा लोड. दारात आई, तिच्या हातात अजून दोन. नव्या ऑर्डरचा अख्खा ढीग बाबांनी माझ्या टेबलामागे रचून ठेवला होता, बरोब्बर पीसीच्या पाठीला लावून. गरम हवा जिथून बाहेर पडते ना, तिथेच. बिचारा पीसी तोंडावर उशी दाबल्यासारखा धापा टाकत होता, आणि मी झाडं कमी करत बसले होते.

आणि स्ट्रीम चालूच होतं. कॅमेऱ्यात माझं तोंड आणि मागचा थोडा कापूस एवढंच, त्यामुळे खालचा प्रकार कुणाला दिसला नव्हता. कप्तान सगळ्यांसमोर मला विचारत होता की चालू सामन्यात एवढा लोड तू काढलास कसा.

बाबांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणतायत ते. मी म्हटलं, लोड कसा काढला विचारतायत.

बाबा उठले, अंग झटकलं, आणि माईकपाशी वाकून, त्यांचा धंद्याचा आवाज असतो ना, त्या आवाजात म्हणाले, "खालून काढायचा. सावकाश, एकेक करून. वरून ओढाल तर शिवण उसवेल."

मग कप्तान अगदी अदबीने म्हणाला की काका, इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

माझी जागा पक्की झाली, ते सोड. पुढे ऐक. काल कप्तानाचा फोन आला. मावसबहिणीचा तो दिव्यांचा पीसी पण स्ट्रीम करताना अडकतोय म्हणे, तर काका येऊन तिचा लोड बघतील का. मी काही बोलायच्या आत बाबांनी फोन घेतला आणि हो म्हणून टाकलं. आता ते सकाळपासून टेप घेऊन बसलेत, मला विचारतायत तिला लांब लोड हवाय की आखूड, कापड कुठल्या रंगाचं. आणि तिकडे कप्तानाने अख्ख्या टीमला बोलावून ठेवलंय, काका सिस्टिम कशी उघडतात ते बघायला.

आता सांग, तू माझ्या जागी असतीस तर दोघांपैकी कुणाला खरं सांगितलं असतंस?