डबल बेल

चौऱ्याऐंशी साली, निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता तोच, बसचा ड्रायव्हर एका सकाळी उंबऱ्यावर बसून नव्या बुटांच्या नाड्या बांधत होता. समुद्राकाठच्या आपल्या गावातून थेट उत्तरेच्या सीमेपर्यंत, देशाच्या या टोकापासून त्या टोकाला तो पायी निघाला होता. एकटाच. आपण कोण आहोत ते एकदा बघायचंय, म्हणत होता.

"दादा, तीस वर्षं गाडीच्या आरशात बघत होतास, तेव्हा दिसला नाहीस होय?" त्याची बहीण म्हणाली.

त्याची बायको हसली नाही. ती त्याच्याच गाडीवर कंडक्टर होती. तिनं दोरी ओढून डबल बेल दिली की गाडी हलायची, एरवी नाही. सगळी नोकरी त्याची मान बघण्यात गेली. त्या मानेपलीकडे काय आहे, याचं कुतूहल तिला काय कमी होतं? चल म्हणाला तर नाही म्हणायचं नाही, असं ठरवून ती दारात उभी होती. तो येतो म्हणाला आणि गेला.

दारातून दिसणाऱ्या हमरस्त्यावरच्या पहिल्या थांब्याशी तो थबकला. पाठीवरची पिशवी सारखी केली. मग पुढे पाऊलच टाकीना.

"बूट चावले असतील," नणंद म्हणाली. "नाहीतर अक्कल आली असेल."

बूट चावले असते तर तो खाली बसला असता. अक्कल आली असती तर माघारी वळला असता. तो नुसता समोर बघत, मान किंचित कलती करून उभा होता. ती मान बघता बघता बायकोच्या ओठांचा कोपरा हलला. पायात चपला सरकवून, घराची किल्ली मुठीत घेऊन ती रस्त्याला लागली.

थांब्याच्या लोखंडी खांबावर तिनं किल्ली आपटली. टण, टण.

तो चालू लागला. चार पावलांनी, मागे न बघताच म्हणाला, "आज उशीर केलास."

"पुढच्या थांब्यापर्यंतच येतेय," ती म्हणाली.

दोघं सीमेवर पोचली तेव्हा थंडी पडली होती. नणंदेनं मागे त्यांच्या कोंबड्या सांभाळल्या आणि त्या परत दिल्याच नाहीत. पुढे लेकीकडे राहायला गेली तीही कोंबड्यांसकट. आपण कोण ते सापडलं का, असं कुणी विचारलं की ड्रायव्हर म्हणायचा, "हिला विचारा. मागून ती बघत होती." सात वर्षांनी तो गेला.

बायको पुष्कळ जगली. बाजाराला एकटीच जायची. कुलूप लावून झालं की किल्ली चौकटीवर दोनदा वाजवायची, आणि मगच पायरी उतरायची.