जेवणाच्या सुट्टीतला बिल्ड

शंतनूचा ट्रायल पिरियड शुक्रवारी संपणार होता आणि नेमका शुक्रवारीच त्याचा बिल्ड होईना, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम तयार होईना. आमचं वेलिंग्टनचं ऑफिस हॉस्पिटलांच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करतं. त्याच्या लॅपटॉपवर सगळं नीट जोडलं जात होतं; सर्व्हरवर मात्र कोडचे तुकडे एकमेकांना जोडणारा लिंकर अडून बसला होता, बेस नावाच्या लायब्ररीतली फंक्शन्स सापडत नाहीत म्हणून. आमचा लीड ग्रँट शांतपणे सांगून गेला, दोनपर्यंत बघ, मग बोलू. कशाबद्दल बोलू, ते शंतनूला कळलं. बायकोला पुण्याहून आणायचं की नाही, ते या नोकरीवरच ठरणार होतं.

मी डबा उघडला तेव्हा तो लॅपटॉप घेऊन समोर येऊन बसला. मी जेवताना बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

"तुम्ही जेवा ताई, मी नुसतं सांगतो," तो म्हणाला.

मला वाटत होतं, सर्व्हरवर लायब्ररीची जुनी प्रत असणार. बोलता आलं असतं तर मी त्याला तिकडेच पाठवलं असतं.

तो सांगत राहिला. प्रत नवीच आहे, फंक्शन आत आहे, नावात चूक नाही. मी वरणभात कालवत ऐकत होते. मी काही विचारत नाही म्हटल्यावर त्याला बारीकसारीकही सांगावं लागलं. लायब्ररींची यादी त्याने परवाच नव्याने लावली होती.

"बेस सगळ्यात आधी घातली. सगळ्यांचा आधार तीच ना, मग मान तिचा. पूजेत नाही का आपण गणपती आधी..." तो थांबला. "ताई, इथला लिंकर यादी एकदाच वाचत जातो. बेस आली तेव्हा तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं, म्हणून तिला सोडून पुढे गेला. माझ्या मॅक लॅपटॉपवरचा मागे वळून बघतो, म्हणून तिथे चाललं."

त्याने बेसचं नाव शेवटी नेलं. माझं ताक संपेपर्यंत सर्व्हरवर हिरवी खूण आली.

दोन वाजता ग्रँटने विचारलं, कसं सुटलं. विनयाताईंनी सोडवलं, माझ्याकडे बोट दाखवत शंतनू म्हणाला. माझं जेवण झालं होतं, बोलायला हरकत नव्हती. मी ग्रँटला सांगितलं की माझा अंदाज चुकलाच होता, शोधलं याने. यादी लावण्यातली चूकही आपलीच होती, हे शंतनूने स्वतःहून सांगितलं.

ग्रँटने यादी पुन्हा एकदा पाहिली. हे बाकीच्यांसाठी लिहून ठेव, म्हणाला, सोमवारी आलास की. आणि गेला.

शंतनू जागचा हलला नाही. "सोमवारी म्हणाला ना, ताई?"

"हो," मी म्हटलं. "सोमवारी."