एका माणसाचा पलंग

पलंगाचं माप ऐकून तिने ते मनातल्या मनात पुन्हा मोजलं. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद. म्हणजे एका माणसाचा.

"गिऱ्हाईक कोण?" तिने विचारलं.

"मीच," नवरा रंधा मारता मारता म्हणाला. "पुढच्या खोलीत टाकू. बाकावर झोपून पाठीचा पार भुगा झालाय."

सुतारकामाचं ते दुकान दोघांचं होतं. कापणं-जोडणं त्याचं, घासणं आणि पॉलिश तिचं. तिचा हात फिरल्याशिवाय तीस वर्षांत एकही वस्तू दाराबाहेर गेली नव्हती. म्हणजे नवऱ्याला कायमचं वेगळं करणारा हा पलंगही शेवटी तिच्यापुढेच येणार आणि तिलाच तो चकचकीत करावा लागणार.

दोष तरी कोणाला द्यायचा? पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून नवरा जवळ आला की तिला दुखायचं, कोरड्या लाकडावर कानस फिरावी तसं. ती ओठ घट्ट मिटून पडून राहायची. पुढे पुढे तो जवळ येईल असं नुसतं वाटलं तरी अंग आखडायला लागलं. मग कधी डोकं दुखे, कधी भांडी घासायची राहून जात. शेवटी "माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडते" असं म्हणून तो उशी काखेत मारून बाहेरच्या बाकावर गेला. तिने अडवलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच रडूही आलं.

नणंदेला तिने आडून आडून सांगून पाहिलं. ती खो खो हसली. "वहिनी, पन्नाशी उलटली तुझी! आता लाड नातवंडांचे करायचे की नवऱ्याचे? आपसूक सुट्टी मिळालीय, ती घे आणि गप्प बस."

पण ही सुट्टी तिने मागितलीच नव्हती. तिला तो हवा होता. त्याचा खांद्यावरचा हात हवा होता, आणि त्याच्या पुढचंही सगळं हवं होतं. हे नणंदेला सांगायला मात्र तिची जीभ रेटेना.

पलंगाचे चारही पाय तयार झाले, त्या दिवशी ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण तिच्या लेकीच्या वयाची होती. "काय होतंय, काकू?"

"ते... खाली."

"खाली म्हणजे पायाला?"

"नाही गं बाई. खाली म्हणजे... इकडे."

डॉक्टरीण हसली नाही. तिने कागद ओढला आणि पेन्सिलीने सावकाश चित्र काढलं. "नखं कशाने रंगलीत तुमची? लाकडाच्या पॉलिशने? मग बघा, करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांना नाव असतं ना? तसंच या जागेलाही आहे. योनी. म्हणा बघू."

पहिल्या खेपेला नुसते ओठ हलले. दुसऱ्या खेपेला खोकला आला. तिसऱ्यांदा तिने शब्द उच्चारला, आणि छप्पर काही कोसळलं नाही.

डॉक्टरणीने बाकीची दुखणी विचारून घेतली, तपासलं आणि मग सांगितलं, "पाळी गेली की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं. त्यामुळे इथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. कितीतरी बायकांना होतं, पण सांगतात थोड्या. हे मलम आतून लावायचं. मी लिहून देते तसंच. गुण यायला काही आठवडे जातील. आणि त्या वेळेला हे वेगळं वंगण, हवं तेवढं."

"वंगण!" तिला हसू फुटलं. "आम्ही करवतीला मेण लावतो."

"झालं तर मग! आणि घाई नको. आधी जवळ घेणं, बोलणं, हात फिरवणं, तेसुद्धा तेवढंच महत्त्वाचं. बरं, दुखलं तर त्यांना थांबायला सांगता ना?"

तिला त्यांच्या दुकानाचा नियम आठवला. दोघांतल्या एकाने थांबायला सांगितलं की दुसऱ्याने हात जागच्या जागी थांबवायचा. का, ते नंतर विचारायचं. तिच्या अशाच एका हाकेने नवऱ्याचं बोट करवतीखालून वाचलं होतं. दुकानात दिवसातून दहा वेळा ती "थांबा" म्हणायची. आतल्या खोलीत, दोन वर्षांत, एकदाही नाही.

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ते सांगायचं नसतं."

"मग त्यांना कळायचं कसं?"

ती तडक दुकानात गेली. नवरा पलंगाच्या चौकटीला पाय जोडत होता.

"मी याला पॉलिश करणार नाही."

"का? लाकूड डागी निघालं?"

"लाकूड बरं आहे. माप चुकलंय."

"दोनदा मोजलंय मी. अडीच फूट."

"त्यात दोघं मावत नाहीत."

त्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. मग तिने सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. कान लालेलाल झाले, पण आवाज पडू दिला नाही. तो हातोडी ठेवून स्टुलावर बसला.

"मला वाटलं, तुला माझा वीट आला. अंगाला सारखा तो वॉर्निशचा वास..."

"अहो, वॉर्निश मी लावते! वास यायचा तर माझा येईल!"

"आणि तुला दुखत होतं, आणि मी आपला... अगं, एकदा थांबा म्हणायचंस."

"आता म्हणणार आहे."

उशी त्याच दिवशी आत आली. पलंगाचं लाकूड एका कपाटाला लागलं.

पुढचे आठवडे त्यांनी घाई केली नाही. नुसतं कुशीत पडायचं, गप्पा मारायच्या. तो विचारायचा, "इथे बरं वाटतं? की इथे?" हा प्रश्न तिने स्वतःलाही कधी विचारला नव्हता. मग हळूहळू उत्तरं सापडत गेली आणि ती धीटपणे सांगू लागली. तोही मन लावून ऐके, नवं हत्यार हाताळायला शिकावं तसा.

एका सुट्टीच्या दुपारी तिनेच पडदा ओढला आणि दाराला कडी घातली.

"थांबा," ती मध्येच म्हणाली.

तो थांबला. तिथल्या तिथे.

तिने एक लांब श्वास घेतला. आखडू लागलेलं अंग आपोआप सैल पडलं. "आता ते वंगण द्या इकडे."

"मेण चालेल?"

"चूप बसा हो!" ती हसली, आणि हसता हसताच त्याला जवळ ओढलं. दुखण्याची ती वाट बघत राहिली. दुखणं आलंच नाही. त्याऐवजी जे आलं, ते आता आपल्या नशिबात नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. ते भरभरून आलं, आणि तिने आवाज दाबला नाही.

मग दोघं शेजारी शेजारी पडून राहिली. तिला आळीपाळीने हसू येत होतं, डोळे भरून येत होते, आणि सपाटून भूकही लागली होती.

"सरका जरा तिकडे," ती म्हणाली. "सगळी जागा तुम्हीच अडवलीय."

"मग जाऊ का बाहेर?"

"जाऊन तर बघा!" असं म्हणून तिने आपला पाय त्याच्या अंगावर टाकला.