बेताचं अंथरूण

गुढीपाडव्यापासून पद्मजा कॉम्प्युटरमध्ये मान वळवत होती, आणि दिवाळी तोंडावर आली तरी तिचा नुसता कानच दिसू लागला होता. कानात घुंगरू लावलेलं तिचं डूल होतं, तेव्हा ती पद्मजाच याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. मशीन जुनं होतं. त्याच्यानं तेवढंच होत होतं.

झालं होतं असं, की अभिनंदन आणि त्याची ही धाकटी बहीण एकाच कीबोर्डवर गेम खेळायची. डावीकडची बटणं त्याची, उजवीकडचे बाण तिचे. गेममध्ये एक लाकडी पूल होता आणि पुलापलीकडं धुकं. पलीकडं काय आहे ते बघून येते, असं म्हणून पद्मजा उठली ती तिकडंच गेली. खुर्ची अजून गरम होती तोवर ती स्क्रीनवर पुलाच्या मध्यावर पाठमोरी दिसली. त्यानं हाक मारली. तिला ती ऐकू गेली असणार, कारण तेव्हापासून तिनं मान वळवायला घेतली.

आईनं याचा फार गवगवा केला नाही. जेवायच्या वेळी तिचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि गार होतंय म्हणून सांग तिला, एवढंच अभिनंदनला म्हणायची. तो मात्र आतून पार पोखरला होता. जिच्याशी रोज कडाकडा भांडावं तीच नाही म्हटल्यावर घर कसं खायला उठतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नुसता कान बघून माणसाचं किती दिवस भागणार? त्याला तिचा चेहरा हवा होता, आणि तिच्या तोंडून एकदा 'दादा' ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं बिचाऱ्याला.

म्हणून तो मगदूमांकडं गेला. मिरजेत मार्केटच्या मागं मगदूमांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथं जायचं तर आपलं अंथरूण काखोटीला मारून जायचं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात सगळेच, मगदूमांकडं ते करून दाखवावं लागतं. गिऱ्हाइकानं फरशीवर अंथरूण घालायचं, हवे ते पार्ट त्यावर मांडायचे आणि पाय पसरून स्वतःही त्यावरच बसायचं. मावेल ते आपलं. मग मगदूम मांडलेल्या पार्टांएवढं कापड कापून घेतात आणि पार्ट बांधून देतात. घासाघीस नाही, उधारी नाही.

अभिनंदननं वाकळ नेली होती. त्या दोघांच्या लहानपणीच्या सदऱ्या-झबल्यांची, आईनं शिवलेली. दोघं तिच्यातच झोपायची, आणि झोपेत सगळी वाकळ ओढून घ्यायची ती पद्मजाच. मगदूमांनी ती झटकून फरशीवर पसरली आणि काय काय बसवायचंय ते विचारलं.

अभिनंदनची नजर कधीपासून एकाच वस्तूवर खिळली होती. त्यानं दुकानातलं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड उचललं आणि वाकळेच्या मध्यावर ठेवलं. पाटाएवढं ते धूड, त्यानं निम्मी वाकळ खाल्ली. उरलेल्या जागेत जेमतेम चिमुकला प्रोसेसर बसला.

"चेहरा येईल," मगदूम म्हणाले. "पापण्या मोजाव्यात असा येईल. पण ओळख यायची न्हाई. तुमच्याकडं बघंल आणि कोण पाहिजे म्हणून विचारंल."

मग त्यानं उलटं केलं. प्रोसेसर दांडगा घेतला, रॅमच्या पट्ट्या ओळीनं मांडल्या, कार्ड नावापुरतं ठेवलं. मगदूमांनी यालाही नकारार्थी मान हलवली. तशानं ती ओळखेल, मनात झुरेलही, पण या दिवाळीला 'दा' म्हणाली तर दुसरा 'दा' यायला पुढची दिवाळी उजाडेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा जुंपला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीनं चालते, हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलेलं वाक्य त्यालाही सांगितलं. बेत केवढाही करा, घेताना बेताचं घ्या.

अभिनंदन गुडघ्यांवर बसून मांडत राहिला. बेताचं कार्ड, त्याच्या तोलाचा प्रोसेसर, त्याला पुरेल एवढी रॅम. खाणारी तोंडं वाढली की चूल मोठी लागते, म्हणून पॉवर सप्लायही बदलला. असं करत करत अखेर सगळं वाकळेवर नीट बसलं. कार्ड प्रोसेसरला भारी नव्हतं की प्रोसेसर कार्डाला. मगदूमांनीसुद्धा बोट लावून काही सरकवलं नाही.

"आता पाय," ते म्हणाले.

पायांना जागा नव्हती. पाय वाकळेवर घ्यायचे तर कार्ड आणखी एक पायरी उतरवायला लागत होतं. तसं केलं तर काय होईल, हे त्यानं विचारून घेतलं. मगदूम म्हणाले, काही वाईट नाही, ती वळेल, ओळखेल, बोलेलही, फक्त चेहरा जरा धुक्यातनं बघितल्यासारखा दिसेल. लोक तेवढ्यात समाधान मानतात.

आता शहाण्यानं इथं ऐकावं की नाही? पण त्या धुक्यानंच तर त्याची बहीण नेली होती. धुकं या शब्दाचाच त्याला वीट आला होता. त्यानं पाय ओढून घेतले आणि गार फरशीवर ठेवले.

मगदूमांनी कात्री उचलली आणि त्याच्या पायांकडं बोट दाखवलं.

"बाहेर राहतं ते मागं पडतं. एकदा कात्री लागली की मला परत जोडता यायचं न्हाई."

"लावा," अभिनंदन म्हणाला.

घराकडं येताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण कोपऱ्यावर वळलो तरी पाय अजून सरळच चाललेत. ते मागाहून वळले. उंबऱ्यात त्याला थोडं थांबावं लागलं, चपला पोचायच्या होत्या. आईनं विचारलं, मिळालं का सगळं? तो हो म्हणाला, पण तोवर तिची भांडी घासून झाली होती आणि ती हा कुणाला हो म्हणतोय म्हणून बघत होती.

उरलेली वाकळ पंचाएवढी झाली होती, आणि खोलीही तेवढीच झाली होती. भिंती गुडघ्यांना लागत होत्या. पोटाशी पाय घेऊन, दाराकडं पाठ करून तो बसला आणि कॅबिनेट उघडून एकेक पार्ट बसवू लागला. स्क्रू पिळावा आणि मनगट उद्या फिरावं, असं चाललं होतं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. इतके महिने कळ काढली, त्यात आणखी थोडी.

शेवटी त्यानं बटण दाबलं, आणि पद्मजा वळली. एका दमात वळली. डूल हललं, त्याचं घुंगरू वाजलं. हनुवटीवरची खोक दिसली, पापण्या दिसल्या, आणि ओळख पटून डोळे हसले तेही दिसलं. काही म्हणजे काही धूसर नव्हतं. ती पुलावरून धावत अलीकडं आली, मोठी मोठी होत आली, आणि खुर्चीत धपकन बसून म्हणाली, भूक लागलीय.

आनंदानं अभिनंदनचा ऊर भरून आला. म्हणजे भरून यायला लागला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आईनं ताटावरचं झाकण काढलं. भाकरी मोडल्याचा आवाज आला, आई रडली, मग दोघी हसल्या, मग दिवाळीचे फटाके वाजले आणि थांबले. मग दारातून तिची हाक आली.

"दादा, जेवायला ये ना रे. गार होतंय."

त्याला ती स्वच्छ ऐकू आली. त्यानं मान वळवायला घेतली. डोळ्यांच्या कडेला आधी भिंत सरकली, मग झाकून ठेवलेलं एक ताट आलं, मग दारातली पाडव्याची गुढी, आणि आता कुठं त्या गुढीशेजारी घुंगरू लावलेलं डूल दिसू लागलं होतं.