रिझाइन

"म्याडम, यातला नेमका कोणता शब्द मला नडला, त्योच आधी शिकवा," म्हणत सारजाबाईंनी कागद निशासमोर धरला.

निशा बजाजनगरात कामगार बायकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायची. तिने कागद वाचला. "मावशी, हा रिझाइन. म्हणजे राजीनामा. तुम्ही स्वखुशीने नोकरी सोडल्याचं लिहिलंय."

"कंपनीतला आमचा सुपरवायजर सांडूसाहेब म्हणला, पगारवाढीचा फारम हाय. मी सही केली, अन् दुसऱ्या दिशी त्यानं गेटावरच अडवलं. हसत व्हता. मला बी त्याला तसंच गेटाबाहेर बघायचंय."

दुष्काळात मेंढरं विकून त्या सोयगावाकडून आल्या होत्या. नऊ वर्षं त्यांनी त्या कंपनीत पॅकिंग केलं होतं.

"नुसता पाठ केला तर शब्द टिकत नाही," निशा म्हणाली. "वापरावा लागतो."

ती रोज चारच शब्द द्यायची. आधी वस्तू दाखवायची, मग वाक्य करून घ्यायची आणि आठवड्याने अचानक तोच शब्द विचारायची. सारजाबाई टँकरच्या रांगेत कंपनीतल्या बायकांना गाठून तेच शिकवू लागल्या. हंडा खाली ठेवून काडीने मातीत रिझाइन लिहायच्या. कुणी चुकलं की पुसून पुन्हा लिहायला लावायच्या. "आय डू नॉट रिझाइन. म्हण."

तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या सात जणींना केबिनमध्ये बोलावलं. सांडूसाहेब म्हणाले, "पगारवाढीचा फॉर्म आहे. सह्या करा."

त्या सात जणींतल्या आवडाबाईंनी कागदावर बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं.

"साहेब, हे रिझाइन हाय. आय डू नॉट रिझाइन."

सातही जणींनी पेन खाली ठेवले आणि त्या कागद घेऊन थेट मॅनेजरकडे गेल्या.

आठवड्याभरात सांडूसाहेबांना काढून टाकलं गेलं. शेवटच्या दिवशी ते पिशवी घेऊन बाहेर आले, तेव्हा सारजाबाई गेटासमोर सकाळपासून उभ्या होत्या.

"स्वखुशीनं सोडली का, साहेब?"

ते खाली मान घालून निघून गेले. सारजाबाई ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी वॉचमनला विचारलं, "माझ्या जागेचं काय?"

"तिथं नवी पोरगी लागली, मावशी. लई दिवस झाले. आता भरती बंद हाय." त्याने गेटावरच्या पाटीकडे हात केला.

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. बायका आत गेल्या. सारजाबाई पाटीजवळ जाऊन अक्षरं जुळवू लागल्या. नो जमला. पुढचा शब्द निशाकडे अजून शिकून झालेला नव्हता. त्यांनी वॉचमनकडून पेन मागून घेतला आणि एकेक अक्षर बघत तो शब्द तळहातावर उतरवला.