दोन वेळची धार

दादासो एक ना एक दिवस उपाशी मरणार, हे गणपतरावांनी गावाला तीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. दादासो त्यांच्याच भावकीतला. वाटणीत आलेलं भाताचं शेत त्यानं भावाला देऊन टाकलं आणि स्वतः रानात शिरला. ओढ्यातले खेकडे आणि मासे, कड्यावरचा मध, पावसाळ्यात अळंबी, उन्हाळ्यात करवंदं, एरवी पाला नि कंद. सकाळी तीन तास हिंडायचं, मिळेल ते शिजवायचं आणि दुपारभर जांभळीखाली घोरायचं. माणूस दहा हजार वर्षांपूर्वी शेती करायला शिकला, ही बातमी शाहूवाडीत सगळ्यांना पोचली, एका दादासोला सोडून, असं गणपतराव म्हणत.

उपाशी मरायचं मात्र तो मनावर घेत नव्हता. आषाढात ओढे फुगले की चार-दोन दिवस त्याची चूल थंड असे. मग तो शेरभर तांदूळ मागायला येई. गणपतराव आधी अर्धा तास शेतीचं महत्त्व सांगत, मग तांदूळ देत. दादासो दोन्ही मुकाट्यानं घेई.

गणपतरावांचं सगळं घड्याळावर. पहाटे पाचला धार, मग शेण, वैरण, भातशेत, संध्याकाळी पाचला पुन्हा धार. बायको वारलेली, मुलगा सूरज नोकरीला पुण्यात. त्यांची हरणी म्हैस दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नसे, म्हणून बावीस वर्षांत ते एक रात्रही गावाबाहेर राहिले नव्हते. तशी हरणी ही तिसरी म्हैस. आधीच्या दोघीही परक्याला दूध देत नव्हत्या म्हणे. तपासून कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांची थोरली बहीण आक्का कबनूरला दिलेली. दर भाऊबीजेला गणपतराव दहाला पोचत, ओवाळून घेत, जेवत आणि एकच्या गाडीला पळत. आक्का दारात उभी राहून "थांब की रं एक दिस," म्हणे. यंदा तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं.

"पंच्याहत्तरी आली माझी. रातीला ऱ्हाणार असशील तर ये. न्हाईतर ओवाळणी पोस्टानं पाठीव."

हे गणपतरावांना लागलं. पण ऐन सुगीत, तेही सणाच्या दिवशी, मोकळा माणूस गावात एकच होता.

"धार काढाय येती का तुला?" त्यांनी दादासोला विचारलं.

"ल्हानपणी तुझ्याच गोठ्यात शिकलोय की."

"लाथ मारंल ती. आधी रेडकू सोड, मग म्होरं खायला आंबोण ठेव. तरीबी दूध देणार न्हाई, मी आत्ताच सांगतो. मग रेडकालाच पिऊ दे."

"बरं."

"आन झोपू नगंस."

"दुपारचंबी?"

गणपतराव गाडीला गेले.

कबनूरला दिवाळीमुळं यंत्रमाग बंद होते. एकची गाडी गेली, गणपतराव बसून राहिले. पाच वाजले तशी त्यांची बोटं आपोआप मिटू-उघडू लागली. तिन्हीसांजेला आक्कानं किटलीतून चहा ओतला, तो कप सोडून थेट त्यांच्या धोतरावर.

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला," आक्का म्हणाली. "दोन वरसं झाली. ह्या येळंला तर कायबी कळत न्हाई."

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"कवा सांगू? तुझं ध्यान गाडीकडं."

गणपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोघं भावंडं आईबद्दल बोलत बसली. आई कशी चिडायची याची आक्कानं नक्कल केली आणि स्वतःच हसून हसून खोकली. इतकी हसलेली आक्का त्यांनी तिच्या लग्नाआधीच काय ती पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले. दादासो गोठ्यात वैरणीवर आडवा पडला होता.

"दिलं?"

"दिलं की. दोन्ही येळंला साडेचार लिटर. तुझं किती असतंय?"

चार असायचं.

"लाथ?"

"छ्या. मला कुठं घाई हुती? पाठीवर हात फिरवत बसलो. तिला वाटलं तवा सोडला पान्हा." दादासोनं उठून अंग झटकलं. "पर तुझा धंदा वंगाळ हाय गड्या. एक दिस झाला, ओढ्याचं तोंड बघितलं न्हाई. आपुन म्हशीला बांधतोय का म्हस आपल्याला?"

हरणी निवांत रवंथ करत होती. गणपतराव तिच्याकडे बघत राहिले. तिचा रागही येईना. बावीस वर्षं आक्काला दारात उभी करून आपण पळालो, ते कशासाठी, हा हिशेब काही केल्या लागेना.

तेवढ्यात फोन वाजला. आक्काच होती.

"पोचलास न्हवं? म्हशीनं दूध दिलं का रं?"

दिलं म्हणून सांगितलं, तर मागच्या बावीस भाऊबीजांचं काय सांगायचं?

"न्हाई," गणपतराव म्हणाले. "थेंबबी न्हाई."

दादासो गोठ्याच्या दारात थबकला.

"बघ, मी म्हातारीनं उगंच हट्ट केला," आक्का म्हणाली. "मुक्या जीवाचं हाल झालं. म्होरल्या साली दुपारीच जा बाबा तू."

"बरं," गणपतराव म्हणाले.